चार विटकरी कोट

आदरणीय (आणि सध्या अतिशय रागावलेल्या) ताईस, धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा थंडीत फार कुरकुरत नसेल अशी आशा आहे. भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडे सगळे ठीक, म्हणजे हातपाय जागच्या जागी आहेत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. शनिवारी तू एवढा स्वयंपाक करून वाट बघत बसलीस आणि आम्ही फिरकलोही नाही, हे अक्षम्य आहे. पण आधी सगळं ऐकून घे, मग हवं तर पत्र फाड.

नानांना जरा घराबाहेर काढ, हा धोशा तुझाच. बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत चौतीस वर्षं तोंडाला विश्रांती नसलेले आपले वडील निवृत्त झाल्यापासून आठ महिने भिंतीकडे बघत बसलेत, आणि काहीही विचारलं तरी "हं" एवढंच म्हणतात (दुसऱ्यांदा विचारलं तर तेही नाही). मला त्यांच्याबद्दल खरंच धास्ती वाटायला लागली होती. बिट्टीच्या शाळेला हिवाळ्याची सुट्टी होती. तेव्हा ठरलं की सकाळी शहरातल्या संग्रहालयात तिला देवमाशाचा सांगाडा दाखवायचा, एक वाजता तुझ्याकडे जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

आता कोट. गर्दीत कोणी हरवू नये म्हणून चौघांना एकाच कापडाचे कोट शिवायची अक्कल माझी. (शिंप्याला दुसरं काय सुचणार.) विटकरी रंगाचा एक तागा दुकानात दोन वर्षं पडून होता, गिऱ्हाईक त्याला हात लावत नव्हतं. वर पितळी बटणं लावली. आरशात बघून हिने विचारलं, आपण बँडवाले दिसतोय का? मी म्हणालो, शहरात हाच रंग चालतो. ताई, खरंच चालतो. संग्रहालयात पाऊल टाकलं तर तिथला प्रत्येक कर्मचारी विटकरी कोटात, पितळी बटणांसकट.

पाच मिनिटांत एका गृहस्थांनी मला स्वच्छतागृहाच्या नळांवरून झापलं. गिऱ्हाइकांची सवय असल्यामुळे मी आधी माफी मागितली, मग आठवलं की नळ माझे नाहीत. एक बाई हिच्या हातात बाबागाडी देऊन वरच्या मजल्यावर निघून गेल्या. त्यानंतर ही माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी अजून विसरलेलो नाही. बिट्टी मात्र काचेला हात लावणाऱ्या मोठ्या माणसांना दरडावत हिंडत होती, आणि माणसं तिचं ऐकत होती. कोट काढून टाकावेत, तर दात वाजत होते.

एवढ्यात कोणीतरी जिन्यापाशी उभ्या असलेल्या नानांना विचारलं, देवमासा कुठे आहे? नाना "हं" म्हणणार म्हणून मी धावलो. तर नाना म्हणाले, "जिना चढू नका. जिन्याच्या मागून जा, डावीकडचं दुसरं दार. आणि लगेच जा, अकरा वाजता सहलीची बस यायचीय." भिंतीवरचा नकाशा आणि सहलींची पाटी त्यांनी शिरताशिरताच वाचून ठेवली होती. मी चाट पडलो. थोड्या वेळात त्यांच्यासमोर रांग लागली.

पाऊण वाजता मी म्हणालो, नाना, चला, ताई वाट बघतेय. तर म्हणाले, "बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही." खिडकीतला नियम. मी विनवलं, हिने डोळे वटारले, उपयोग शून्य. शेवटी मीच बदली म्हणून उभा राहिलो. तेवढ्यात एका कुटुंबाला मी देवमाशाऐवजी झाडूच्या खोलीत पाठवलं, आणि नानांनी मला कोपराने बाजूला सारलं. तुला कळवावं, तर फोन हिच्या पर्समध्ये, पर्स दाराशी जमा, आणि पर्सची पावती बाबागाडीत राहून गेलेली. पाच वाजता दारं बंद झाली तेव्हा कुठे नाना हलले, आणि परतीची गाडी धावतपळत जेमतेम मिळाली. देवमासा बिट्टी सोडून आम्ही कोणीच पाहिला नाही. त्या शहरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही, हे लिहून घे.

तुझा (अजून उपाशीच असल्यासारखा वाटणारा) भाऊ

ता.क. – निघताना मुख्य पहारेकऱ्याने नानांना नवा माणूस समजून "पुढच्या शनिवारी याच जागी" असं सांगितलं, आणि नाना हो म्हणून आले. मी सोमवारी तिथे फोन करून सगळं खरं खरं सांगितलं. ते म्हणाले, सुट्टीची गर्दी आहे, पाठवाच, कोट तर आहेच. तेव्हा शुक्रवारी नानांना तुझ्याकडे मुक्कामाला आणून सोडू का? डबा मात्र जिन्यापाशी पोचवावा लागेल. जेवायला बदली मिळत नाही.

ता.क. दुसरा – पाकिटावरचं अक्षर नानांचं आहे. तुझी गल्ली मी चुकीची लिहिली, म्हणून ते पाच मिनिटं माझ्यावर ओरडत होते. ताई, आठ महिन्यांनी. मी दुसरं पाकीट घेतलं आणि मुद्दाम पुन्हा चुकीचीच लिहिली.