धाकटीच्या दातांवरचे डाग

मंगळवार, संध्याकाळ

आज पाण्याचा जार कोयत्यानं फोडला. अंगणभर पाणी झालं तरी हात थांबेना. धाकटीच्या दातांवरचे तपकिरी डाग मळाचे नायतच! शहापूरचे डॉक्टर म्हणाले, "बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानं पडलेले हे डाग घासून जाणार नाहीत."

जारवाला तेच बोअरचं पाणी भरून विकायचा. शुद्ध म्हणून मीच तिला लहानपणापासून पाजलं. वर रोज सकाळी तिची मान गुडघ्यांत दाबून राखेनं दात घासले, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. रडली की थोबाडीत.

जारवाल्याला उद्या कोयता दाखवीन. आणि मला कोण दाखवणार?

फुटका जार बघून ती घाबरली. चुलीतली राख घेऊन आली, डोळे मिटून तोंड उघडलं.

"घास गो आये. मी नाय रडत."