डोक्यातले ठिपके आन् सुनेचं मीठ

३ नोव्हेंबर, सोमवार

दवाखान्यातून पेडगावला आलो. मेंदूत रक्त सांडलं म्हणे. सांडलं तर सांडलं. डावा हात जड हाय, उजवा चालतो, म्हणून लिहायलोय.

लोक भेटायला यायलेत. बसतेत, चहा पितेत, मान हालवतेत. मेल्यावर या म्हणावं, एकदाच.

पूर्णेहून पोरगी आली, पिंकी. आल्या आल्या भावजयीवर घसरली. "नीलमवैनी, तुझ्या मिठानं बाबाचं बीपी चढलं. डोकं फुटलं त्यांचं." नीलम भाकर थापायली व्हती, थापतच राह्यली. तिचा नवरा, म्हणजे माझा लेक सिद्धोधन — मोबाईल बघत बसला.

मी म्हणलो, मीठ मीच वरून घेत व्हतो. पिंकी म्हणली, "बाबा, तुमी पडा. डोक्यात रक्त हाय, काहीबी बोलायलात."

झालं. डोक्यात रक्त सांडलेल्याची साक्ष चालत न्हाई.

४ नोव्हेंबर

भाजी अळणी.

६ नोव्हेंबर

नीलम माहेरी गेली, सोनपेठला. "मामा, गोळ्या फळीवर हायत," म्हणली. कवा येशील इचारलं. "माझ्या हातचं खाऊन माणूस मरतो म्हणतेत. कशाला येऊ?"

सिद्धोधन म्हणला, येईल की आपलीच. पारावर तर ठरलंच हाय — पंडितच्या, म्हंजी माझ्या, सुनेनं मिठानं सासरा आडवा केला.

१० नोव्हेंबर

परभणीत डोक्याचा एमआरआय काढला. बोगद्यात घालतेत आन् बाहीरून पत्रा ठोकल्यागत आवाज काढतेत. संग सिद्धोधन.

डॉक्टरीण बाईनं फिल्म उजेडावर लावली. म्हणली, "आजोबा, बीपीनं नस फुटली की रक्त बहुतेक मेंदूच्या आत खोल सांडतं. तुमचं कडेला सांडलंय. आणि हे काळे ठिपके दिसतात का? हेही सगळे कडेलाच. जुने, बारीक रक्तस्राव आहेत." मेंदूच्या घड्यांच्या फटीत एक काळी रेघबी दाखवली. तेबी जुनंच रक्त.

म्हणली, काही काही म्हाताऱ्यांच्या मेंदूतल्या नसांत घाण बसती. अमायलॉइड म्हणतेत तिला. नस कडक व्हती, तडकती. मला कळलं — उन्हात पडलेली ठिबकची नळी.

मी इचारलं, म्हंजी मिठानं न्हाई? "मिठानं ठिपके पडत नाहीत. पण मीठ कमीच खा. बीपी चढू द्यायचं नाही." छातीसाठीची रक्त पातळ करायची गोळी बंद केली. परत फुटू शकतं म्हणली. कवा, ते सांगता येत न्हाई.

भायेर आल्यावर सिद्धोधनला म्हणलो, चल सोनपेठला. म्हणला, "फोनवर सांगू की."

फोनवर. गावभर बोलले तोंडानं, आन् हे सांगायलाय फोनवर.

१२ नोव्हेंबर

घरी सांगितलं न्हाई. फिल्म टावेलात गुंडाळली, यष्टीत बसलो. सोनपेठच्या स्टँडवर उतरून फोन केला, तवा सिताराम आला, नीलमचा बाप, माझा इवाई. "जयभीम. आवो, तुमाला फिरायचं न्हाई सांगितलंय ना?" म्हणलो, घरी चल.

ट्यूबलाइटखाली फिल्म धरली. सितारामनं उलटी धरली व्हती, सरळ केली. नीलमला ठिपके दाखवले. म्हणलो, बघ, कडेला हायत. तुझ्या मिठाचा संबंध न्हाई. चल घरी.

तिनं एकेका ठिपक्यावर बोट ठिवून बघितलं.

"मामा, ठिपके मधी निघाले असते तर?"

म्हणलो, तरी आलो असतो. मीठ माझं मीच घ्यायचो, मला ठाव हाय.

"तुमी आले असते. तुमच्या लेकाचं काय? आज ठिपके कडेला निघाले, तरी त्यांचे पाय निघाले का घरातून?"

सिताराम म्हणला, नीलम, मोठ्या माणसाला असं बोलू न्हाई. मी म्हणलो, बोलू दे. खरं बोलायलीय.

परतीची यष्टी निघून गेली व्हती. जाऊ दिली.

१३ नोव्हेंबर

इवायाच्या ओसरीवर बाज टाकून घेतली. सिद्धोधनचा फोन आला. "बाबा, सुनेच्या माहेरी राहतेत का कुणी? लोक काय म्हणतील?" म्हणलो, मी इथंच हाय. इथंच फुटलं तर इथंच. न्यायला यायचं तर पिंकीला संग घेऊन ये. आदी नीलमला भेटायचं, मग मला.