खटका

शिरूर,
३१ जानेवारी १९९९

प्रिय नागसेन,

जय भीम. वहिनींना नमस्कार. इकडं सगळे धड आहेत. नदीवरचा गारठा हटत नाही आणि माझ्या सदरातली पुढाऱ्यांची नावं संपादक अजून गाळतात, एवढीच कुरकुर.

तुझी लेक राजश्री काल घरी दौंडला पोचली असेल. कॉलेजचा दाखला काढा, असा तिनं हट्ट धरला असेल. पदवीची परीक्षा दोन महिन्यांवर आलीय. ती कारण सांगेल न सांगेल, म्हणून लिहितोय.

गॅदरिंगला फिशपाँड असतात. पोरं निनावी टोमणे पेटीत टाकतात, मी ते स्टेजवरून वाचतो. आधी चाळत नाही. आमच्याकडं सेन्सॉर नाही, हे मी छाती फुगवून सांगत आलोय. या वेळी एक चिठ्ठी निघाली : ‘राजश्रीचा पहिला नंबर, सरकारकडून सप्रेम भेट.’

मी वाचली. ‘सप्रेम भेट’च्या आधी थांबलो सुद्धा. कुठं थांबलं की हशा येतो, ते मला बरोबर कळतं. आला.

चिठ्ठी लिहिणाऱ्याला शोधतो, असं तिला दुसऱ्या दिवशी म्हणालो. घरी मला काका म्हणणारी पोर म्हणाली, “सर, लिहिली कुणी ते नका हुडकू. वाचली कुणी ते सगळ्यांनी बघितलंय. मला बक्षीस समारंभात पाच मिनिटं माईक द्या.”

तिच्यासाठी माईक मागायला गेलो, तसे संस्थेचे अध्यक्ष हौसरावआप्पा हसले. “मास्तर, चिठ्ठी म्हंजी पोरांची गंमत. पन पोरीनं माईक घेतला की भाषण व्हतं, आन् भाषण म्हंजी राजकारण. कॉलेजात नको.”

यावर मी फक्कड लेख लिहिला असता. तिथं मात्र “व्हय आप्पा” म्हणालो.

एवढंच असतं, तर हे पत्र लिहायला दोन दिवस लागले नसते.

परवा समारंभात मीच नावं पुकारत होतो. राजश्री वर आली. आप्पांनी कप पुढं केला. तिनं हात माझ्याकडं केला, माईकसाठी. आणि नागसेन, मी माईकचा खटका बंद केला.

ती तशीच बोलायला लागली. मागून पोरं ओरडली, “मोठ्यानं! आईकू येत न्हाई!” त्या दिवशी हसलेलीच पोरं. त्यांना ऐकायचं होतं रे! अंगठा खटक्यावरच होता. हलला नाही. मी त्याच्याकडं नुसता बघत राहिलो, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

दाखला काढू नकोस, असं म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो. तिच्या वर्गावर मी यायचा नाही. तसं प्राचार्यांना लिहून दिलंय, कारणासकट.

ती काय बोलली, ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं. पण ते इथं लिहीत नाही. तिचं बोलणं माझ्या तोंडून आता नको. तिला समोर बसव आणि तिच्याकडूनच ऐक.

तू म्हणशील तो,
आनंदराव