लाखो चाहते आणि एक सोबावाली

कुरिसावा, ५ डिसेंबर

चि. तेत्सुया यास आजीचे अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या बहिणीचं, बोलणं माझं. नात्सुहो मधूनच उसासे टाकते. तेही लिही म्हटलं, तर लिहीत नाही.

भात करपवून स्वतःलाच हसणारा निवृत्त गोलकीपर जगाला इतका आवडेल असं वाटलं नव्हतं. चेंडू अडवायचास तेव्हा एवढी माणसं बघत नव्हती. त्यात तू फोनवरच्या तुझ्या व्हिडिओत माझी सुकवलेली पर्सिमनची फळं दाखवलीस आणि गावाचं नावही सांगून बसलास. आता 'तेत्सुयाच्या आजीला' म्हणून रोज खोकी येतात. भेट आली आणि परतभेट गेली नाही, असं या घरात झालेलं नाही. मी पर्सिमन पाठवते, लोक ते फोनवर दाखवतात, की आणखी खोकी. तुझ्या आजोबांच्या तसबिरीपुढे देव्हाऱ्यात ठेवायला पर्सिमन पुरत नाहीत, सध्या संत्रं आहे. रागावले असतील.

काल तुझ्या जुन्या संघाच्या गावाहून, मिनातोहामाहून, इवाकुराबाईंच्या हातच्या शेवयांचा सोबा आला. दहा वर्षं त्यांच्या दुकानात जेवलास. तुझ्यावर तो गोल झाला, संघ खालच्या गटात घसरला आणि तू निरोपही न घेता पळालास. त्यांनी कळवलंय, तो येत नाही तर त्याच्या वाटचा तुम्ही खा. महिनाअखेर दुकान बंद करतायत. त्यांची परतभेट टपालाने जाणार नाही. तू नेऊन दे.

माया आहेच, म्हणून तर बोलते.

तुझी आजी

ओसाका, ९ डिसेंबर

ती. आजीस सा. न.

खोकी येतात त्याबद्दल माफ कर. चाहत्यांना परतभेट द्यायची नसते गं.

इवाकुराबाईंकडे मात्र मला पाठवू नकोस. फोनवर हसणाऱ्यांनी तो सामना पाहिलेला नाही. त्या गल्लीतला प्रत्येक माणूस तेव्हा गोलमागे उभा होता. चेंडू पायांतून गेला तो त्यांच्याच समोर. टपालाने पाठव ना.

तुझा तेत्सुया

कुरिसावा, १२ डिसेंबर

चि. तेत्सुया यास आशीर्वाद.

लाखो लोकांसमोर चड्डीवर भात करतोस आणि एका म्हातारीला घाबरतोस. शेवटचे पर्सिमन तुझ्या पत्त्यावर पाठवलेत. रविवारी येतोय असं त्यांना कळवूनही टाकलं. नात्सुहो म्हणते हे बरं नाही केलं. तिचंही लिहिलंय.

तिथे खाऊनच ये.

आजी

ओसाका, १६ डिसेंबर

ती. आजीस सा. न.

गेलो. इवाकुराबाईंनी पर्सिमन घेतले, मान वर न करता म्हटलं, "उशीर केलास," आणि वाडगा पुढे ठेवला. दुकान भरलेलं होतं. मग कोपऱ्यातल्या मासेवाल्या सेगावाकाकांनी विचारलं, "तू पुढे का आलास रे?"

वर्षभरात हे मला कोणी विचारलंच नव्हतं. सोया सॉसची बाटली म्हणजे गोल, मिरपुडीची डबी म्हणजे मी, असं मांडून दाखवलं. काका म्हणाले, मीही पुढे आलो असतो. बाई म्हणाल्या, तू आला असतास तर दोन गोल झाले असते. मग सगळेच तुटून पडले. बाटल्या सरकत होत्या, मला वेडा ठरवत होते, मधेच कोणीतरी माझ्या वाडग्यात भर घालत होतं. रात्री दुकान बंद व्हायची वेळ टळून गेली तरी वाद मिटला नाही. पुढच्या रविवारी उरलेलं भांडायला बोलावलंय.

फोन खिशातच राहिला. आजी, लाखो लोक माझ्यावर प्रेम करतात, पण माझ्याशी भांडायला तेवढे तिथलेच.

आशीर्वाद असू दे, ओरडणंही असू दे.

तुझा तेत्सुया