ताईच्या घरात अंडं

३ फेब्रुवारी, सोमवार

डायलिसिस झालं. वजन तेवढंच. नर्स खूश — "काका, एकदम बरोबर!" मी काही खूश नाही. पँट पट्ट्याच्या मेहेरबानीवर उभी आहे. परवा दुकानात शिलाई मशीनचा एक साधा स्क्रू सुटेना, शेवटी गिऱ्हाइकानेच फिरवून दिला. उभा जन्म मशीनं दुरुस्त करण्यात गेला आणि ही वेळ. लाज वाटली.

४ फेब्रुवारी

जेवायला तेच. उकळून पाणी फेकलेली भाजी, मूठभर भात, डाळ दाखवण्यापुरती. अंडी, मासे, चिकन घरात बंद. भाऊजी आजारी पडले तेव्हा कुणा डॉक्टरांनी ताईला हे सांगितलं. पुढे त्यांचं डायलिसिस सुरू झालं, तरी ताईने नियम मोडला नाही. "ह्यांना मी एक घास जास्त दिला नाही कधी," असं अजून अभिमानाने सांगते. शेवटी शेवटी भाऊजींना पाण्याचा पेलाही उचलवत नव्हता. रोगच तसा, म्हणते.

माझ्या किडन्या गेल्यावर तिने मला आपल्या घरी आणलं. नियम आयताच लागू झाला. तिच्यापुढे बोलायची छाती कोणाची!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डायलिसिसनंतर आहारतज्ज्ञ बाईंनी थांबवलं. रक्ताचा रिपोर्ट वाचला, दंड दाबून पाहिला. "काका, मांस झिजतंय आणि तेवढंच पाणी अंगात साठतंय. म्हणून काटा हलत नाही."

मी ताईचा नियम सांगितला. त्या म्हणाल्या, अहो, तो डायलिसिसच्या आधीचा! तेव्हा किडनीवर भार नको म्हणून प्रथिनं कमी करतात. आता मशीन कचऱ्याबरोबर प्रथिनंही धुऊन नेतं, ती भरून काढायला हवीत. आधीच्या जवळजवळ दुप्पट खायचं. आणि नुसत्या अंड्यांवर भागत नाही. भात, तेल पुरेसं पोटात गेलं नाही तर शरीर तीच अंडी सरपणासारखी जाळून टाकतं. मीठ-पाण्याचं बंधन मात्र आहे तसंच, भाजीचं पाणीही फेकायचंच.

"असंच चाललं तर साध्या तापानेसुद्धा आडवे व्हाल," हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मी घाबरलो. अजून जगायचंय मला.

८ फेब्रुवारी

ताईला सांगून पाहिलं. "कालपर्यंत विष आणि आज औषध? त्या पोरीला काय कळतंय! मी एक माणूस सांभाळलंय."

दुकानाशेजारच्या चहावाल्याकडे चोरून उकडलेलं अंडं खाल्लं. या वयात चोरून खाणं! दारात पाऊल टाकताच ताईला वास आला. काय नाक आहे! "तोंड धुऊन ये," एवढंच म्हणाली. मग अबोला.

९ फेब्रुवारी

अबोला चालू.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताई सेंटरवर आली, भांडायलाच. पदर खोचूनच निघाली होती. मला मशीनला लावलेलं, त्यामुळे पळायची सोय नाही. बाईंनी तिला माझ्या पलंगाशेजारी खुर्ची दिली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. ताईने खोचलेला पदर सोडला. शेवटी विचारलं,

"हे फक्त याच्यासाठी, का डायलिसिसवरच्या सगळ्यांसाठी?"

"बहुतेक सगळ्यांसाठीच, आजी."

"आधीपासून असंच आहे?"

"हो, बऱ्याच वर्षांपासून."

ताईने मान हलवली. मी मनातल्या मनात उडी मारली — एकदाची हरली! येताना तिनेच अंडी घेतली. बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती, मी बोलत होतो त्याकडे लक्ष नव्हतं.

१३ फेब्रुवारी

ताई जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली. तिने केलेला अंड्यांचा पोळा मी एकटाच खाल्ला, वर भातही घेतला. झकास झाला होता. किती दिवसांनी पोट भरलं!

१४ फेब्रुवारी

ताईने अंडी उकडली. स्वतः सोलली, बशीत घालून माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसली.

"ह्यांना दिली असती तर?"

मी अख्खं अंडं तोंडात कोंबलं. भरल्या तोंडाने बोलू नये, हे लहानपणी तिनेच शिकवलंय.