लाल रेषेचा भागाकार

दि. ४ जानेवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

सतरा प्रश्न विचारलेस, सगळ्यांचं उत्तर एकच: ठीक आहे. तुझ्या आईला जाऊन दोन महिने झाले. भेटायला येणारे थांबले. मी जेवतो, झोपतो. रडू येत नाही. तिच्या शिवणाच्या मशीनवर चादर टाकून ठेवली आहे.

शाळेने हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रंगीत रेषांची गणितं निवृत्तीनंतरही माझ्याकडेच ठेवलीत. उत्तरांची यादी महिनाअखेर छापायला जाईल. सोबत पाठवतो, नजर टाक. नवे मास्तर टपलेलेच आहेत.

पत्राला पत्र देत जा.

तुझे बाबा

दि. ९ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

यादी पाहिली आणि इथे कामावर, रंगाच्या कारखान्यात, बसल्या जागी घाम फुटला. इलेक्ट्रॉन तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरला, की एक चतुर्थांशातून एक नवमांश वजा करायचा, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही नवातून चार काढून सरळ एक पंचमांश लिहिलाय! मग त्याला नेहमीच्या १३.६ ने गुणून फोटॉनची ऊर्जा २.७२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तिने १२४० ला भागून तरंगलांबी ४५६ नॅनोमीटर. म्हणजे निळी. पुढे तुमच्याच अक्षरात 'लाल'. ही चूक करणाऱ्याला तुम्ही बाकावर उभं करायचात.

हे छापलं गेलं तर काम नव्या मास्तरांकडे जाईल, आणि सकाळी उठायला तुम्हाला कारणच उरणार नाही. मला त्याचीच भीती वाटते. गणितं इकडे पाठवा, मी करून देते.

लोभ असू द्या, आणि दोन वेळचं जेवणही.

भिंगरी

दि. १४ जानेवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

चूक पाहिली. लाजसुद्धा वाटली नाही, याचं नवल वाटलं.

आता खरं सांगतो. तीस वर्षं सूत्र मी मांडायचो आणि आकडेमोड तुझी आई करायची. सातवी शिकलेली, पण कपड्याच्या मापात सूतभर फरक पडू द्यायची नाही, तीच गत भागाकाराची. फोटॉन तिला शेवटपर्यंत पटला नाही. न दिसणाऱ्याची लांबी मोजणारं आमचंच घर, असं म्हणायची. पण मी चुकीचे आकडे मांडले आणि उत्तर चारशेच्या घरात आलं, की हे लाल नव्हे म्हणून कागद परत करायची. शाळेत नाव माझं झालं. आयत्या बिळावर नागोबा!

तिच्यावाचून मला हे जमायचं नाही. यादी तूच कर. मला आता कशातच काही वाटत नाही.

तुझ्यावर आहे तेवढा लोभ आहे.

बाबा

दि. १८ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आईचं हे मला ठाऊक नव्हतं. कालपासून मी कामात दोनदा चुकले.

आता मी यादी करणार नाही. मी केली तर ती बरोबर येईल आणि तुम्ही खुर्चीत तसेच बसून राहाल. कागद घ्या, शाळेतल्या पोरासारखा एकेक आकडा मांडा. चुकलं तर पुन्हा. न जमायला काय धाड भरलीय? रागवायचं तर रागवा, पण गप्प बसू नका.

तुमच्या रागातही लोभ असतो, तो धाडा.

भिंगरी

दि. २५ जानेवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

एक चतुर्थांश म्हणजे छत्तिसात नऊ, एक नवमांश म्हणजे छत्तिसात चार, उरले पाच. १३.६ गुणिले पाच, भागिले छत्तीस: १.८९. मग त्याने १२४० ला भागलं. पहिल्यांदा ६६१ आलं, वजाबाकीत हातचा विसरलो. दुसऱ्यांदा ६५६. लाल. पुढच्या तीन रेषा एका बैठकीत झाल्या: ४८६, ४३४, ४१०.

यादी शाळेत नेली. नव्या मास्तरांनी उभ्या उभ्या तपासली, एकही चूक सापडली नाही. पुढच्या वर्षीही तुम्हीच करा, असं म्हणाले.

वाटलं होतं, घरी येऊन बरं वाटेल. चपला काढल्या आणि दारातच बसलो. इतके दिवस जे रडू आलं नव्हतं ते सगळं आलं. शेजारीण पाणी घेऊन आली.

तिच्यावाचून मला जमायचं नाही, हे धरून बसलो होतो, तोवर ती घरात कुठेतरी होती. आता जमलं, पोरी. तिच्यावाचून जमलं.

सुट्टी मिळेल तेव्हा ये.

तुझे बाबा