हात दाखव

वस्ताद,

बावड्याच्या डॉक्टरांची ती जुनी पांढरी गाडी परत आली. डॉक्टर आता नाहीत. मुलानं आणली, तीही टेम्पोत घालून. आईला याच गाडीतून अंथुर्ण्याला माहेरी न्यायचं म्हणून त्यानं ती गोठ्यातून बाहेर काढली होती. वाटेत चाक पंक्चर झालं, त्यानं जॅक लावला, तर जॅक गाडी उचलायचं सोडून दाराखालचा पत्रा फोडून आत घुसला. गाडी धपकन खाली बसली. आई आत होती आणि याचा हात चाकाखालून नुकताच निघाला होता. आपल्या बारामतीच्या शेडसमोर उभा राहून तो म्हणाला, "ही पेटी तुमच्या वस्तादांनी बसवलीती न्हवं? वरून रंग आन् आत भुगा. गंडवलं त्यांनी आमच्या आबांना." मी जॅकनं पाडलेलं भोक बघत बसलो.

ते काम तुम्हाला आठवत असेल. दाराखालून चाकापासून चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी, अख्ख्या गाडीचा भार तिच्यावर. पत्रा तुम्ही स्वतः वाकवलात आणि पुढचं माझ्यावर सोपवलंत. तुमचा नेम ठरलेला. गंज धरू नये म्हणून आतून रेड ऑक्साईड मारायचा, टोकाला हात जाईल एवढी फट ठेवायची, कोपरापर्यंत हात घालायचा आणि तुमच्यापुढं धरायचा. लाल निघाला तरच फट बंद. "भाईरचा रंग गिऱ्हाईक बघतंय, आतला कोन बघनार? हात दाखव." एकदा माझी दोनच बोटं लाल निघाली, तर चार माणसांदेखत अख्खी पेटी उघडायला लावलीत. तो राग माझ्या मनात बरेच दिवस होता.

पण डॉक्टरांच्या गाडीच्या दिवशी राग नव्हता, घाई होती. निरवांगीला माझ्या थोरलीचं बारसं, आणि चारची एसटी. आतून रंग मारायचा म्हणजे तास गेला. मी ब्रश आत घातलाच नाही. डब्यात हात बुडवला, तोल सावरायला फटीच्या आतल्या कडेला टेकवला आणि येऊन तुमच्यापुढं उभा राहिलो. तुम्ही बघता. थेंब तुमच्या चपलेवर पडतात. एवढा ओला कसा, हे तुम्ही विचारत नाही. कपाटातून तुमच्या घरच्या चाचींनी शिवलेलं पिवळं झबलं काढून माझ्या डाव्या, कोरड्या हातात देता. "जा लेका. फट मी बंद करतो."

परवा तीच पेटी कापायला घेतली. दाराची चौकट मिटू नये म्हणून आडवा अँगल वेल्डिंगनं टाचला होता, पण निम्मं कापून झालं आणि टाका कडकन सुटला. चौकट दोन सूत खाली आली. मी गाडीखाली होतो. "ठोकळा सरकवा," एवढंच बोललो. डॉक्टरांच्या मुलानं दोन्ही हातांनी लाकडी ठोकळा आत ढकलला आणि गाडी थांबली. पेटी उतरवली तर आत नुसता गंजाचा भुगा. फटीच्या कडेचा तळहाताएवढा पत्रा मात्र शाबूत, आणि त्यावर चार लाल बोटं. तो वाकून बघत म्हणाला, "हितंच तेवढं लाल कसं?"

मी माझा हात त्या बोटांवर ठेवला. तंतोतंत बसला. "माझी बोटं हायेत, दादा. आतला रंग मी मारायचा हुता. वस्तादांनी न्हाय गंडवलं, मी." आज नवी पेटी बसवली, तेव्हा तो फटीपाशी येऊन म्हणाला, "हिला तरी मारलाय का?" मी म्हणालो, "तुमीच हात घाला." त्यानं सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली, हात घातला, बाहेर काढून मलाच दाखवला. लाल होता. मग मी फट बंद केली. दार एका बोटानं लागलं. आईला शेजारी बसवून तो गेला.

तुमच्यावरचा आळ गेला, एवढं कळवायचं होतं. हा कागद तुमच्या मागं राहिलेल्या जुन्या हत्यारांच्या पेटीत तळाला ठेवतो. निघताना त्यानं विचारलं होतं, "पर तवा ऱ्हायलं कसं?" मी म्हणालो, इसरलो.

विसरलो नव्हतो, वस्ताद.